मिठाला वाट

गोदावरी धवळेश्वरमपाशी फाकते. एक शाखा गौतमी, दुसरी वसिष्ठा आणि वसिष्ठेतून पुढे निघते ती वैनतेया. या शाखा आणि बंगालचा उपसागर यांच्या मधे जो हिरवागार त्रिकोण सापडला आहे त्याला कोनसीमा म्हणतात. तिथे नारळाची बनं आहेत, भाताची खाचरं आहेत आणि कुठेही उभं राहिलं तरी पाण्याचा आवाज येतो. या त्रिकोणाच्या समुद्राकडच्या टोकाला, कालव्याच्या अगदी शेवटाला, एक गाव आहे. त्या गावातल्या दोन भावांची ही गोष्ट.

त्यांच्या बापाची सहा एकर जमीन होती. वरचं अंग पाटाच्या कालव्याला लागून आणि खालचं मुरुगु कालव्याला. मुरुगु कालवा म्हणजे शेतांमधलं वापरून झालेलं पाणी समुद्राकडे नेणारा ओढा. त्या मुलखात पाणी असंच फिरतं. आणणारे कालवे उंचवट्यावरून येतात, नेणारे सखल भागातून जातात आणि मधल्या खाचरांतून पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात उतरतं. उतार इतका कमी की माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

६ नोव्हेंबर १९९६ ला कोनसीमेवर चक्रीवादळ आलं. समुद्र उठून शेतांत शिरला. पाणी ओसरलं, पण मीठ मागे राहिलं. त्या वर्षी बापाने वरच्या तीन एकरांचं पाणी मधल्या बांधाशी गोळा केलं आणि खालच्या तीन एकरांच्या पोटातून मुरुगु कालव्यापर्यंत एक चर खणला. चर तीन फूट खोल आणि काठांसकट साडेसहा फूट रुंद होता. पुढच्या पावसाळ्यांनी मीठ धुतलं आणि त्या चरातून वाहून नेलं. शेत पुन्हा पिकू लागलं. बाप म्हातारा झाला आणि एक दिवस गेला. चर राहिला, पण तो का खणला होता ते सांगणारं कुणी राहिलं नाही.

वाटणी झाली. थोरला सूर्यम. त्याने वरचे तीन एकर घेतले, कारण पाणी आधी तिथे येतं. धाकट्या सत्यमच्या वाट्याला खालचे तीन आले. मोजणी चोख झाली, दोघांचे आकडे सेंटाला सेंट जुळले; सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. पण चराखाली गेलेली आठ सेंट जागा सत्यमच्या हिश्शात मोजली गेली होती.

सत्यम भावाकडे गेला. "अन्नय्या, चर माझ्या शेतात आणि पाणी तुमचं. तुमची घाण माझ्या जमिनीतून जाते. निदान चार सेंट तरी मला वरून सोडा."

सूर्यम म्हणाला, "चर काय मी खणला? नान्नांनी खणलाय. तो आहे तिथे आहे."

"मग माझ्या जागेत मी काय वाटेल ते करीन."

"कर की."

मे महिन्यात सत्यमने चर बुजवला. वर चिखलणी केली आणि जूनमध्ये आठ सेंटांवर रोपं लावली. सूर्यमने ते पाहिलं आणि त्याच रात्री मधल्या बांधाचं तोंड बंद केलं. आजवर वरच्या खाचरातून खालच्या खाचरात गोडं पाणी उतरायचं ते या तोंडातून. एकाने पाणी बाहेर जायची वाट बंद केली, दुसऱ्याने आत यायची. हिशेब सरळ झाला, असं दोघांनाही वाटलं.

पहिल्या वर्षी काहीच बिघडलं नाही. तिकडे पावसाळी हंगामाला सार्वा म्हणतात आणि उन्हाळीला दाळवा. सार्व्याला स्वर्णा भात एकरी तीस बस्ते उतरला, बस्ता पंच्याहत्तर किलोंचा. स्वर्णा हे वाण जवळच्याच मारुटेरूच्या संशोधन केंद्रातलं, १९८२ चं. गोदावरीच्या मातीला ते ठाऊक आणि त्याला ती माती. दोघेही भाऊ म्हणाले, पाहिलंत, काही होत नाही.

माती लगेच तक्रार करत नाही. सूर्यमच्या शेतातल्या मातीत निम्म्याहून जास्त भाग चिकणमातीचा होता. असल्या मातीतून पाणी दिवसाला काही मिलिमीटरच खाली उतरतं. चर होता तेव्हा ते हळूहळू बाजूला झिरपून निघून जायचं. चर बुजला आणि ते साचू लागलं. त्या भागात जमिनीखालचं पाणी मचूळ असतं, समुद्र जवळ म्हणून. ती मचूळ पातळी हंगामागणिक वर चढली. एप्रिल-मे महिन्यांत कालवे बंद झाले, ऊन तापलं, काळ्या मातीला हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडल्या. खालचं पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर ओढलं जाऊ लागलं. पाणी उडून गेलं, मीठ वर बसलं. तिसऱ्या उन्हाळ्यात सूर्यमच्या शेतावर पांढरी साय आली.

सत्यमकडे वेगळंच घडलं. बांधाचं तोंड बंद झाल्यावर दाळव्याला त्याच्याकडे गोडं पाणी येईना. त्याने डिझेलचं इंजिन आणलं आणि मुरुगु कालव्यातून पाणी उपसलं. पावसाळ्यात ते पाणी चालून जातं. पण मार्च महिन्यात कालव्यात वरून येणारं पाणी आटतं आणि भरतीबरोबर समुद्र त्या कालव्यातून आत येतो. सत्यम भाताला जवळजवळ खाडीचंच पाणी पाजत होता. रोपांची टोकं करपली, वाफ्यांत टकलं पडली.

सूर्यमने उपाय काढला. त्याच्याकडे कालव्याचं गोडं पाणी होतं. त्याने जुलैमध्ये शेत तुडुंब भरलं आणि पुन्हा पुन्हा भरलं. पांढरी साय नाहीशी झाली. तो गावभर सांगत फिरला, "मिठाला औषध काय तर पाणी!" पण ऑगस्टमध्ये शेतात पाणी जिरायचंच थांबलं. गढूळ पाणी आठवडाभर तसंच उभं राही, डबक्यांच्या कडेला काळपट तवंग येई, पाय घातला की माती साबणासारखी सुळकन घसरे. वाळली की नांगराचा फाळ तिच्यात शिरेना. मीठ गेलं होतं आणि शेत आधीपेक्षा वाईट झालं होतं.

सत्यमनेही उपाय काढला. जिप्सम टाकला की जमीन सुधारते, असं त्याने ऐकलं होतं. उन्हाळ्यात त्याने एकरी दोन टन जिप्सम पसरला. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. त्याला भरपूर गोडं पाणी लागतं आणि तेच सत्यमकडे नव्हतं. जिप्समची भुकटी शेतात तशीच पडून राहिली. आधी मिठाने पांढरं झालेलं शेत आता विकतच्या पैशांनी पांढरं झालं.

एके दिवशी दोघेही, एकमेकांना न सांगता, मातीचे नमुने पिशवीत घालून माती परीक्षण केंद्रात गेले आणि नेमके एकाच बाकावर बसले. मधे एक पिशवी ठेवण्याएवढी जागा दोघांनीही राखली.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी काही दिवसांनी दोघांना अहवाल घ्यायला एकाच वेळी बोलावलं. त्यांनी आधी कागद दिला नाही. काचेचे दोन पेले घेतले, दोन्हींत शुद्ध पाणी ओतलं आणि प्रत्येकात एकाच्या मातीचं सुकं ढेकूळ सोडलं. थोड्या वेळाने सूर्यमच्या ढेकळाभोवती धुकं पसरलं, सगळा पेला दुधाळ झाला आणि तसाच राहिला. सत्यमचं ढेकूळ भुगा होऊन तळाशी बसलं, पण वरचं पाणी नितळ.

सत्यमला आनंद झाला. "म्हणजे माझी माती चांगली."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "सूर्यम गारू, तुमच्या मातीचा सामू ८.९ आहे. क्षार मोजायची विद्युतवाहकता १.६, म्हणजे मीठ फारसं नाही. पण मातीच्या कणांनी जे काही धरून ठेवलंय त्यात २२ टक्के सोडियम आहे. पंधराच्या वर गेलं की आम्ही जमीन चोपण म्हणतो. सत्यम गारू, तुमचा सामू ८.१, विद्युतवाहकता ७. चारच्या वर गेली की जमीन खारवट. तुमच्याकडे सोडियमही १८ टक्के आहे. तुमचं पाणी नितळ दिसतं कारण मिठानेच कण एकत्र धरून ठेवलेत. नुसत्या गोड्या पाण्याने धुवाल तर मीठ जाईल, सोडियम राहील, आणि पुढच्या वर्षी तुमचा पेला यांच्या पेल्यासारखा दिसेल."

मग त्यांनी नीट समजावलं. चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते धन भाराचे कण धरून ठेवतात. कॅल्शियमवर दुहेरी भार, तो पापुद्रे जवळ ओढून धरतो. माती कणीदार राहते, हवा आणि पाणी खेळतं. सोडियमवर एकेरी भार, त्याने पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. सुटलेले कण मातीतल्या पोकळ्यांत जाऊन अडकतात आणि पाण्याचे रस्ते बुजतात.

"जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट," त्या म्हणाल्या. "अमलापुरमच्या बसचा विचार करा. बऱ्याच सीटवर सोडियम बसलाय. कॅल्शियम चढला की सोडियम उठतो, भांडत नाही. पण बसचं दार बंद असेल तर उठलेला जाईल कुठे? तिथेच उभा राहील आणि सीट मोकळी झाली की परत बसेल. म्हणून तीन गोष्टी लागतात. उठवायला जिप्सम, न्यायला गोडं पाणी आणि उतरायला दार. एकीनेही भागत नाही, दोहोंनीही भागत नाही."

"दुसरी माती आणून टाकली तर?" सूर्यमने विचारलं.

"कुठून आणणार? तुमच्या शेतातली ही काळी चिकणमाती तरी कुठे इथली आहे? त्र्यंबकेश्वरला नदी उगवते, मराठवाड्यातून वाहत येते. तिकडचा काळा बेसाल्ट झिजून झालेली ही माती पुरांनी हजारो वर्षं आणून इथे पसरली. आता पैठणच्या जायकवाडीपासून खाली धरणंच धरणं आहेत. गाळ तिथे अडतो. जो इथवर येतो तो पूरबांधांमुळे शेतात चढत नाही. आहे तीच माती सांभाळायची." एवढं बोलून त्यांनी कागदांवरचे सर्व्हे नंबर पाहिले. "तुम्ही शेजारी आहात का?"

"ओळखतो," सूर्यम म्हणाला.

"बघितलंय," सत्यम म्हणाला.

गावात एक म्हातारा होता. त्याची सगळी उमर पाटबंधारे खात्यात लस्कर म्हणून, कालव्यांची दारं उघडण्याझाकण्यात गेली होती. सगळे त्याला लस्कर तातय्या म्हणत. दोन्ही भाऊ वेगवेगळ्या वेळी त्याच्याकडे कागद घेऊन गेले. त्याने दोघांनाही एकच निरोप दिला, "उद्या सकाळी तुमच्या बांधावर ये." दोघे आले. एकमेकांना पाहून परत फिरणार होते, पण वडीलधाऱ्या माणसाने बोलावल्यावर फिरायचं कसं?

तातय्या बांधावर बसला. "इंग्रज इंजिनिअर कॉटन साहेबांनी धवळेश्वरमला नदी अडवली, १८५२ मध्ये काम पुरं झालं. तेव्हापासून या मुलखात सुबत्ता आली. गावोगाव त्यांचे पुतळे आहेत, आणि असायलाच हवेत. पण अरे, मी एवढी वर्षं कालव्यावर काढली, पाणी आणणाऱ्याचे पुतळे पाहिले. मुरुगु कालव्याच्या काठावर पुतळा कधी पाहिला नाही. येणाऱ्या पाण्याला हळदकुंकू आणि जाणाऱ्याला शिव्या. पाणी आणणं हे निम्मंच काम आहे रे."

दोघे गप्प.

"सूर्यम, तुझ्याकडे काय आहे?"

"गोडं पाणी."

"आणि काय नाही?"

"वाट. आणि जिप्सम."

"सत्यम, तुझं?"

"जिप्सम पडलाय. वाटही आहे, मुरुगु कालवा बांधालाच लागून. गोडं पाणी नाही, तातय्या."

"म्हणजे औषध तीन गोष्टींचं मिळून एक आहे आणि तुम्ही ते वाटून घेतलंत. आठ सेंटांपायी सहा एकर गेले." म्हातारा थांबला, मग धाकट्याकडे वळला. "पण हे केवळ तुझ्या कुदळीने झालं नाही. चर बुजवलास ती चूक तुझी, पण त्याच्या आधीची चूक तुझ्या अन्नय्याची. दुसऱ्याच्या जमिनीतून आपलं मीठ न्यायचं आणि त्याचं भाडं द्यायचं नाही, असं किती दिवस चालेल? ज्याच्या अंगावरून घाण जाते तो एक ना एक दिवस दार लावतोच."

सूर्यमने खाली पाहिलं. भावापुढे नमायचं त्याला जड जात होतं. पण पेल्यातलं ते न निवळणारं पाणी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "चार सेंट मी सोडतो. बांध वर सरकवू."

त्यांनी मोजलं. चार सेंटांसाठी मधला बांध सात फूट वर सरकवावा लागला. एवढ्या सात फुटांवरून तीन वर्षं गेली होती.

मे महिन्यात दोघांनी मिळून चर उकरला, पूर्वीच्याच जागी, पूर्वीएवढाच खोल. बांधाला पुन्हा तोंड ठेवलं. सत्यमचा उरलेला जिप्सम आणि सूर्यमने नवा आणलेला, दोन्ही शेतांत वरच्या चार-पाच इंचांत मिसळला. कालवा सुटल्यावर गोडं पाणी भरलं, दहा-बारा दिवस उभं ठेवलं आणि चरातून सोडून दिलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पहिलं पाणी सत्यमने जिभेवर घेऊन पाहिलं आणि थुंकलं. चौथं पाणी तोंडात धरवलं.

मग धैंचा पेरला. दीड महिन्यात तो कमरेएवढा झाला, फुलावर येण्याआधी चिखलात गाडला. तो कुजताना जो वायू निघतो त्याने मातीतली चुनखडी थोडी थोडी विरघळते आणि तिच्यातलाही कॅल्शियम मोकळा होतो. विकत आणलेल्या औषधाला घरच्या औषधाची जोड मिळाली. त्यावर उशिरा का होईना भात लावला, जस्ताची मात्रा देऊन, कारण चोपण जमिनीत भाताला जस्त मिळत नाही.

पहिल्या वर्षी एकरी बारा बस्ते निघाले. सत्यम हिरमुसला. तातय्या म्हणाला, "बिघडायला तीन वर्षं दिलीस ना? मग सुधारायला एक कसं पुरेल?" दुसऱ्या वर्षी वीस. तिसऱ्या वर्षी सूर्यमच्या मातीतलं सोडियम ११ टक्क्यांवर आलं, सत्यमची विद्युतवाहकता तीनच्या खाली उतरली आणि दोन्ही शेतांत अठ्ठावीस बस्ते भात झाला. आणखी एक गोष्ट सत्यमच्या ध्यानात आली. ज्या पाण्याला तो घाण म्हणत होता, तेच दाळव्याला त्याच्या कामी येत होतं. चरातून उतरणारं ते पाणी मुरुगु कालव्यातल्या मार्चच्या पाण्यापेक्षा कितीतरी गोडं होतं. त्याने इंजिन विकून टाकलं.

गावाने यातून एक रीत घेतली. आता तिथे वाटणीचा कागद करताना आधी चर मोजतात. त्याची जागा सगळ्या वाटेकऱ्यांच्या नावावर लावतात आणि दर मे महिन्यात तो साफ करायला वरचा आणि खालचा दोघेही येतात. सखल जागेतल्या माणसाला वेगळा मोबदला मागावा लागत नाही.

तात्पर्य असं, की चांगलं आत यावं म्हणून सगळेच धडपडतात, पण वाईट बाहेर जायची वाट कुणाच्या अंगणातून जाते हे कुणी पाहत नाही. त्या अंगणाचं भाडं वेळेवर द्यावं. नाही दिलं, तर तिथलं दार लागतं आणि मग औषध कितीही ओतलं तरी रोग घरातच राहतो.